घोड्यावरचे गुराखी आणि जळकी पट्टी

ऑपरेटरनं पिक्चर बघायचा नसतो. हे सांगितलं की लोक हसतात, पण मी सगळी हयात टॉकीजच्या केबिनमध्ये काढली आणि मला एकाही पिक्चरची गोष्ट धड सांगता येणार नाही. मी बघायचो तो पडद्याचा वरचा उजवा कोपरा. रीळ संपत आलं की तिथं एक ठिपका चमकतो. तो दिसला की शेजारचं दुसरं मशीन सुरू करायचं, पुन्हा दिसला की पहिल्याची झडप पाडायची आणि दुसऱ्याची उघडायची. खाली बसलेल्या माणसाला रीळ बदललं हे कळता कामा नये. त्याला कळलं, तर तो ऑपरेटर कसला?

दिवाळी अंकाच्या साहेबांनी सांगितलं, तुमच्या कामाचे अनुभव लिहा. मी चौथी नापास. पण दुसऱ्या कुणाला सांगून लिहून घ्यायचं म्हणजे तो त्यात आपलं घालणार. म्हणून मीच लिहितो आहे. शुद्धलेखन त्यांनी बघावं, मजकुराला हात लावू नये.

आधी हे काम काय असतं ते सांगतो. आमच्या वेळी मशीनच्या पोटात बल्ब नसायचा. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर आणायच्या आणि त्यांच्यामध्ये वेल्डिंगसारखा जाळ पेटवायचा. त्या जाळाचा उजेड पट्टीतून पडद्यावर जातो. उजेडाबरोबर आचही जाते. पट्टी पळती आहे तोवर तिला काही होत नाही. जागेवर थांबली की करपली.

श्रीरामपूरच्या आमच्या टॉकीजला एक बेलापूरकडचा माणूस रोज तोच पिक्चर बघायला यायचा. त्यातल्या गर्दीत त्याला मुंबईला पळालेला भाऊ दिसला होता. एकदा तो केबिनचा जिना चढून वर आला आणि हात जोडून म्हणाला, "भाऊ, तेवढ्या जागी जरा मशीन उभी करा. नीट बघून घेतो."

मी म्हटलं, "दादा, उभी केली तर तुझा भाऊ जळंल."

बिचारा घाबरून खाली गेला. मी चेष्टा केली नव्हती, खरंच सांगितलं होतं.

आता जळण्यातही दोन जाती. पुढं निघालेली सेफ्टीची पट्टी नुसती करपते, वाकडी होते, विझते. जुन्या काळची पट्टी वेगळी. तिला आम्ही जळकी पट्टी म्हणायचो. ती पेटली की पाण्यानं विझत नाही, वाळूनं विझत नाही, आपलं आपण जळत राहते, आणि तिचा धूर छातीत गेला तर माणूस उठत नाही. ज्यांच्या हाताखाली मी नगरला काम शिकलो त्या उस्तादांच्या उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटलेली होती. चहाचा कप ते दोन्ही तळव्यांत धरायचे. त्यांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं ते मशीन नव्हे. जुनी पेटी आली की पट्टीचा शेवटचा तुकडा कापायचा, उघड्यावर न्यायचा आणि काडी लावून बघायची.

तर ते दुष्काळाचं साल. चाऱ्यापायी लोकांनी गुरं छावणीला नेऊन बांधली होती. बाजाराच्या दिवशी सकाळी दहाला आम्ही जादा खेळ करायचो. त्या वेळी मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगला सुट्टी लागणार होती. त्यांच्या सिस्टरबाईंनी शेठला सांगितलं होतं, पोरींना एक चांगला, हसवणारा इंग्रजी पिक्चर दाखवा, फार चावट नको. शेठनं मुंबईच्या एका ऑफिसातून एक पेटी मागवली. ती आली खेळाच्याच दिवशी सकाळच्या गाडीनं.

पेटीचं झाकण उघडलं आणि कापराचा वास आला. त्याच्या खाली आंबूस वास. जळक्या पट्टीचा वास तोच. एक तुकडा कापून मी मागच्या बोळात गेलो आणि काडी लावली. भस्सकन पिवळा जाळ झाला, तुकडा चिमटीतून टाकायलाही वेळ मिळाला नाही.

शेठ गल्ल्यावर बसले होते. माणूस वाईट नव्हता, पण मी म्हणेन तसं, असा त्याचा स्वभाव. माझाही तोच. मी म्हटलं, "शेठ, हा खेळ न्हाई लावायचा. पट्टी जळकी हाय."

"भागूजी, पोरी निघाल्यात बोर्डिंगातून. भोंगा घेऊन तांगा फिरलाय सकाळपासून."

"फिरू द्या. न्हाई लावायचा."

"तुला भीती वाटत आसंल तर ऱ्हाऊ दे. शेजारच्या टॉकीजचा ऑपरेटर बोलावतो. तो लावील."

शेजारच्या टॉकीजचा ऑपरेटर म्हणजे मशीन चालू करून जिन्यात बिडी ओढत बसणारा माणूस. त्यानं जळकी पट्टी जन्मात पाहिली नव्हती. मी तिथंच उभा राहून विचार केला. मी नाही म्हटल्यानं खेळ थांबत नव्हता, नुसता हात बदलत होता. असंही वाटलं, की आपल्या मशीनला त्यानं हात लावायचा म्हणजे काय. दोन्हींत जास्त काय वाटलं ते आज सांगता येणार नाही.

मी म्हटलं, "मी लावतो. पन दाराच्या साखळ्या काढायच्या."

हे बाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे. आमच्या टॉकीजला दोन्ही अंगांना बाहेर जायची दारं होती. खेळ सुरू झाला की त्यांना बाहेरून साखळी अडकवायची, अशी रीत. नाहीतर बाजारातली माणसं फुकट घुसायची. सगळीकडे असंच चालायचं, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मलाही तोवर वाटलं नव्हतं.

शेठ म्हणाले, "साखळ्या काढल्या तर निम्मा बाजार आत येईल."

"मग बोलवा त्या बिडीवाल्याला. अन् पोरींच्या आईबापांला काय सांगायचं ते आत्ताच ठरवून ठिवा."

शेठनं दारावरच्या युनूसभाईंना हाक मारून सांगितलं, साखळ्या काढा आणि एका दाराशी तुम्ही बसा. दुसऱ्या दाराला माणूस नव्हता.

तेवढ्यात पोरी आल्या. ओळीनं, हात धरून, वेण्यांना रिबिनी. आणि त्यांच्या मागं आमची मंडळी, हौसा. ती बोर्डिंगात स्वयंपाकाला होती. लग्न झाल्यापासून तिनं टॉकीजची पायरी चढली नव्हती. म्हणायची, माझी सवत हाय ती मशीन, तिचं तोंड बघायला मी कशाला येऊ. नेमकी आज आली होती, कारण सिस्टरबाईंना बरं नव्हतं.

मला म्हणाली, "आवो, असं काय बघताय? भूत बघितल्यावानी?"

मी म्हटलं, "तू त्या डाव्या दाराशी बस. दार नुसतं लोटून ठेव. साखळी कुनालाबी लावू देऊ नको."

"का?"

"पोरींना वारा पायजे."

तिनं एकदा माझ्या तोंडाकडं पाहिलं, एकदा दाराकडं. "बरं," म्हणाली आणि दाराकडं गेली.

मी वर गेलो. केबिनचं दार आतून लावलं नाही. झरोक्यावरची लोखंडी फळी दोरीला टांगलेली असते, ती सोडली की खाली पडून झरोका बंद होतो. तिची गाठ सैल केली. कात्री मशीनवर ठेवली. पंचा ओला करून तोंडाला बांधला. आणि कार्बन पेटवला.

पहिल्यांदाच मी ठरवून उजेड कमी ठेवला. आच कमी म्हणजे धोका कमी. पण पडद्यावर सगळं सांजवेळेसारखं दिसायला लागलं. खालून ओरडा सुरू झाला, "ये भागूजी, कार्बन संपला का? चिमनी लावलीस का काय?" ओरडू दिलं. असल्या ओरड्यानं जो ऑपरेटर कार्बन पुढं सरकवतो त्यानं हा धंदा करू नये.

गोष्ट मला तुकड्यातुकड्यानं कळली, कारण त्या दिवशी मी कोपरा सोडून पट्टीकडंच बघत होतो. अमेरिकेतले टोपीवाले गुराखी होते. त्यांची गुरं जिथं चरायची ते मैदान शहरातल्या श्रीमंत लोकांना खेळायला पाहिजे होतं. म्हणून पैज, जिंकेल त्याचं मैदान. घोड्यावर बसून लांब दांडक्यानं चेंडू मारायचा तो खेळ. पूर्वी नगरच्या कॅम्पात साहेब लोक खेळायचे, तसा. श्रीमंतांचे घोडे तेल लावल्यासारखे, गुराख्यांची तट्टं हाडकुळी. एका जाड्या गुराख्याला दांडकं मिळालं नाही म्हणून तो झाडू घेऊन उतरला. पोरी इतक्या हसल्या की मला वर मशीनच्या खडखडीतून ऐकू आल्या.

हसू बाहेर बाजारातही ऐकू गेलं. तिथंच घात झाला.

युनूसभाई दाराशी बसलेले होते खरे, पण तोंड पडद्याकडं. त्यांच्या मागून एक फेटा आत आला, मग दुसरा, मग पाट्या घेतलेल्या बायका. मी झरोक्यातून बघतोय आणि मधली वाट भरत चालली आहे. एक गडी तर नुकतीच घेतलेली शेळी घेऊन आला. साखळ्या मीच काढायला लावल्या होत्या. लोकांना बाहेर पळता यावं म्हणून उघडलेल्या दारातून लोक आत येत होते.

जळकी पट्टी लावली असताना मशीन सोडून जाता येत नाही, घटकाभरही नाही. मी झरोक्याला तोंड लावून ओरडलो, "युनूसभाई, मागं बघा." ते ऐकून खालचे लोक माझ्यावर ओरडले, गप बस म्हणून.

डाव्या बाजूला नजर टाकली. हौसा त्या शेळीवाल्याशी भांडत होती. हाताचे हावभाव मला घरचे पाठ होते. तो तिच्या दाराजवळ बसायला बघत होता, ती बसू देत नव्हती. शेवटी तो शेळी ओढत उजव्या अंगाला गेला. बोर्डिंगच्या पोरीही मधल्या बाकांवरून उठून तिच्या दारापाशी जमिनीवर बसल्या होत्या. मला वाटलं, जवळून बघायला गेल्या असतील. मनात म्हटलं, ही बाई एक दिवस आली आणि इथंही भांडण.

शेवटचं रीळ मी लावण्याआधी बोटांच्या चिमटीतून फिरवून बघितलं. ते सगळ्यांत वाईट होतं. पट्टी आखडलेली, कडेची भोकं फाटलेली, जागोजाग जोड. जोड मशीनच्या फटीत अडकला की पट्टी थांबणार, थांबली की पेटणार. खेळ इथंच बंद करावा का, हा विचार आला. पण खाली उभं राहायला जागा नव्हती आणि पैजेचा खेळ बरोबरीत आला होता. आता बंद केलं तर लोक खुर्च्या मोडून एकाच दाराला धावणार, आणि पोरी पायाखाली येणार. चालू ठेवलं तर सगळं माझ्या हातावर. मी चालू ठेवलं. बरोबर केलं का, हे मला आजही कुणी सांगावं. नीट सांगणारा अजून भेटला नाही.

एक हात झडपेवर, दुसरा कात्रीवर. एकेक जोड खडक खडक करत फटीतून जायचा. खाली कुणीतरी बोललं ते मात्र स्पष्ट ऐकू आलं, "आरं केवढं गवत हाय राव, अन् हे त्याच्यावर घोडे नाचवत्यात." त्यावर कुणी हसलं नाही. सगळं टॉकीज ते गवत बघत बसलं होतं.

झाडूवाल्या गुराख्यानं घोडा फिरवला, चेंडूवर झाडू उगारला, आणि तिथंच थांबला.

पडद्यावर त्याच्या छातीत तपकिरी डाग पडला. तो पसरायच्या आत मी झडप पाडली, फळीची दोरी सोडली, आणि फटीच्या वर एक आणि खाली एक अशी पट्टी कापली. रिळाच्या पेट्या लोखंडी असतात, त्यांच्या तोंडाशी बारीक रूळ असतात, जाळ आत जाऊ नये म्हणून. पण मधला तुकडा पेटला. वीतभरच असेल. तो मी उघड्या हातानं ओढून काढला आणि जिन्याच्या दारातून बाहेर फेकला. हाताची सालटं निघाली, भुवया गेल्या. मग बाकीचं रीळ काढून कवटाळून गच्चीवर नेलं आणि पाण्याच्या पिंपाच्या सावलीत ठेवलं.

खाली काळोख, शिट्ट्या. कुणालाच काही कळलं नव्हतं. त्यांच्या लेखी पट्टी तुटली होती. मी जिना उतरून पडद्यापुढं जाऊन उभा राहिलो, हात पंच्यात गुंडाळून.

"पिक्चर संपला," मी म्हटलं.

"संपला कसा? कोन जिंकलं?"

मला कसं ठाऊक असणार? मी पट्टी बघत होतो. वरून धुराचा वास हळूहळू उतरायला लागला होता, एक-दोघं नाक वर करून हुंगायला लागले. शेळीवाला शेळीला काखेत मारून उठला. आता एकजण जरी आग म्हणाला असता, तरी संपलं होतं.

तेवढ्यात डाव्या दाराकडून हौसाचा आवाज आला, पंगत उठवताना असतो तसा. "गुराखी जिंकले. झाडूनं मारला त्यानं. उठा आता, संपलं."

दार सताड उघडून ती बाजूला उभी राहिली. उजेड आला. पोरी हात धरून ओळीनं बाहेर पडल्या, त्यांच्यामागं बायका, मग फेटेवाले. कुणी ढकललं नाही. शेळीवाला जाता जाता मला म्हणाला, "भागूजी, शेवट दावायला पायजे हुता. पन जिंकले ना, मग ठीक हाय."

शेठ वर जाऊन फटीतली काळी राख बघून आले. पेटी दुपारच्या गाडीनं परत पाठवली. पुढच्या बाजाराला त्यांनी दारांना पुन्हा नव्या साखळ्या आणल्या, तेव्हा मी पान्यानं त्यांचे कोयंडेच काढून टाकले. त्यांनी बसवायचे, मी काढायचे, असं बरेच दिवस चाललं. शेवटी सुतारच कंटाळला.

त्या संध्याकाळी हौसा माझ्या हाताला कोरफड लावत होती. बराच वेळ झाला तरी तिनं आगीचं नाव काढलं नाही. पिक्चरचंच सांगत बसली. मी म्हटलं, "गुराखी जिंकले, हे तुला कसं कळलं? तेवढं तर जळून गेलं."

"जिंकले कुठं? हरले ते."

"मग मघाशी लोकांना काय सांगितलंस?"

"हरले म्हनले आस्ते तर उठले आस्ते का कोनी? भांडत बसले आस्ते." मग म्हणाली, "हरले, पन त्या शिरीमंताला लाज वाटली. त्यानं मैदान गुरांना सोडलं. एवढं गवत, घोडं नाचवून काय करायचं?"

हा शेवट तिनं मनानं रचला होता हे मला ठाऊक होतं. पुढं कित्येक वर्षं बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात भाकरी थापताना ती पोरींना तोच सांगायची. दर वेळी त्यात एखादी गाय वाढायची.

मग ती उठली आणि बाजाराच्या पिशवीतून काहीतरी काढून माझ्यापुढं टाकलं. खणखण आवाज झाला. टॉकीजच्या डाव्या दाराची साखळी. युनूसभाईंनी नुसती काढून दारालाच लोंबकळत ठेवली होती. हिनं ती कोयंड्यातून सोडवून पिशवीत घातली होती, खेळ सुरू व्हायच्या आधी.

म्हणाली, "वारा पायजे म्हनून कोनी साखळी काढाय सांगतं का? उस्तादांचा हात मी बी बघितलाय."

मला एकदम त्या जमिनीवर बसलेल्या पोरी दिसल्या. आणि शेळीवाल्याचं भांडण.

"मग ठाऊक हुतं तर पोरींना घेऊन गेली का न्हाईस?"

ती कोरफडीचा चीक माझ्या बोटांवर चोळत राहिली. एकेक बोट सुटं करून, मधल्या बेचक्यांतून.

"दार माज्या हातात हुतं," ती म्हणाली. "अन् वर तुमी हुता."